निवासी डॉक्टरांची झोप, जेवण आणि कामाचा ताळमेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शासकीय आणि महापालिका रुग्णालयांतील निवासी डॉक्टर, इंटर्न आणि ग्रामीण भागात बंधपत्रित (बाँडची सक्तीची) सेवा करणारे वैद्यकीय अधिकारी यांच्याकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न त्यांच्या आईवडिलांचेही आहेत.

१. पहाटे पाचला उठायचे, व्यायाम करायचा, वाचायचे असे कितीदा ठरवले तरी चार दिवसांत सगळे मोडते. माझ्यातच शिस्त कमी आहे का?

नाही. असे वेळापत्रक ज्यांची झोपण्याची वेळ रोज एकच असते त्यांना जमते. आपल्याकडे युनिटचे, म्हणजे विभागातील डॉक्टरांच्या गटाचे, आठवड्याचे चक्र ठरलेले असते: एक दिवस इमर्जन्सी (तातडीचे रुग्ण दिवसरात्र घेण्याचा), दुसरा पोस्ट-इमर्जन्सी (त्यानंतरचा), मग ओपीडी, ओटी (शस्त्रक्रिया) आणि मोठा राउंड (सर्व रुग्णांची फेरी). या प्रत्येक दिवसाची मागणी वेगळी असल्यामुळे नियोजन करताना एक दिवस न धरता हे संपूर्ण चक्र धरावे. इमर्जन्सीच्या दिवशी स्वतःकडून फक्त वेळेवर जेवण आणि जमल्यास एक डुलकी एवढीच अपेक्षा ठेवावी, पोस्ट-इमर्जन्सीची संध्याकाळ पूर्णपणे विश्रांतीसाठी राखावी, आणि व्यायाम, अभ्यास, बँकेची कामे ही उरलेल्या दिवसांत बसवावीत. मोडणारे वेळापत्रक पुन्हा पुन्हा करून स्वतःला दोष देत राहण्यापेक्षा हे कितीतरी अधिक टिकते.

२. निवासी डॉक्टरने आठवड्याला किती तास काम करावे याचा काही नियम आहे का, की सगळे विभागप्रमुखांवरच असते?

नियम आहेत, परंतु त्यांचे वजन सारखे नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक काम नसावे असे म्हटले आहे, मात्र रुग्णसेवेच्या निकडीचा अपवादही त्यातच ठेवला आहे आणि प्रत्यक्षात तो अपवादच नियम होऊन बसला आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीत तासांचा आकडा नाही. तेथे ‘वाजवी’ कामाचे तास आणि विश्रांतीसाठी वाजवी वेळ असे शब्द आहेत, शिवाय वर्षाला २० दिवस पगारी नैमित्तिक रजा आणि कामाच्या निकडीच्या अधीन राहून साप्ताहिक सुट्टी यांची तरतूद आहे. आयोगाने नेमलेल्या मानसिक आरोग्यविषयक राष्ट्रीय कृती दलाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा, एक साप्ताहिक सुट्टी आणि रोज सात ते आठ तासांची झोप सुचवली. ही शिफारस आहे, हे अर्ज लिहिताना लक्षात ठेवावे. रजेचा हक्क मात्र नियमावलीतला आहे, त्यामुळे रजा मागताना संकोच बाळगू नये आणि अर्ज लेखी द्यावा.

३. मला चार-पाच तासांच्या झोपेची आता सवय झाली आहे. तरीही ती अपुरीच समजायची का?

होय. कालांतराने थकव्याची जाणीव बोथट होते, पण कार्यक्षमता घसरतच राहते. अमेरिकेत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना सलग १४ रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले, तेव्हा त्यांची एकाग्रता एक-दोन रात्री पूर्ण जागरण केलेल्यांइतकी खालावली. त्यांना स्वतःला मात्र फारशी झोप येत असल्याचे वाटत नव्हते. १९९७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असल्यासारखे चालत होते, आणि २४ तासांनंतर ते प्रमाण ०.१० टक्क्यांच्या आसपास गेले. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत कायदा गाडी चालवू देणार नाही, तशाच अवस्थेत आपण लहान मुलाच्या औषधाची मात्रा काढत असतो, ही गोष्ट मला अतिशय गंभीर वाटते. म्हणूनच झोपेला मी चैन मानत नाही, ती रुग्णसुरक्षेची बाब मानतो.

४. इमर्जन्सीत रात्री थोडी उसंत मिळालीच, तर किती वेळ झोपावे? उठल्यावर उलट जास्त जड वाटते.

साधारण वीस मिनिटे, नाहीतर सरळ दीड तास. मधल्या वेळेत माणूस गाढ झोपेत असतो आणि तेथून उठवल्यास पंधरा ते तीस मिनिटे, कधी त्याहून अधिक काळ, डोके चालत नाही. जड वाटण्याचे कारण हेच आहे. शरीराच्या घड्याळानुसार पहाटे तीन ते पाच हा सर्वांत मंद काळ असल्यामुळे शक्य असल्यास डुलकी त्याआधी घ्यावी, आणि इमर्जन्सी रात्री सुरू होणार असेल तर त्या दिवशी दुपारीच झोपून घ्यावे. आधी घेतलेली झोप रात्री खरोखर उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पहाटे साडेतीनला वॉर्डातून फोन येतो, पोटॅशियम कमी आल्याचे सिस्टर सांगतात आणि आपण आडव्या अवस्थेतच मात्रा सांगून फोन ठेवतो. असे कधीही करू नये. उठून बसावे, दिवा लावावा, रुग्णाचे नाव, खाट क्रमांक आणि क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाच्या कार्याची रक्तचाचणी) विचारावे, मात्रा व ती किती वेळात द्यायची हे सांगून सिस्टरांकडून ते पुन्हा म्हणवून घ्यावे, आणि जरा जरी शंका वाटली तरी वॉर्डात जावे.

५. दिवसभरात सात-आठ चहा होतात. चहा-कॉफीने नुकसान होते का?

निरोगी प्रौढासाठी दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅफिन सुरक्षित मानले जाते. टपरीवरच्या कटिंगमध्ये कॅफिनपेक्षा साखरेचीच काळजी अधिक करावी. प्रश्न वेळेचा आहे. कॅफिनचे अर्धे प्रमाण शरीरात साधारण पाच तास टिकते, त्यामुळे सकाळी नऊला खोलीवर जाऊन झोपायचे असेल तर पहाटे चारनंतरचा कप त्या झोपेतूनच वजा होतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरात थोडे थोडे घेणे हे एकदम मोठा मग रिचवण्यापेक्षा चांगले. वीस मिनिटांच्या डुलकीच्या लगेच आधी कॉफी घेतल्यास उठताना तिचा परिणाम सुरू झालेला असतो, ही युक्ती बहुतेकांना लागू पडते. कॅफिन झोपेची जाणीव अडवते, झोपेची भरपाई करत नाही. गरोदरपणात मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे.

६. पोस्ट-इमर्जन्सीला दुपारी सुटल्यावर किती झोपावे? आणि सलग रात्रपाळ्या असतील तर?

या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. एकच रात्र जागून पुन्हा दिवसाच्या कामावर यायचे असेल, तर दुपारी दीड ते तीन तास झोपून उठावे, संध्याकाळी हलके जेवून रात्री नऊ-दहालाच पुन्हा झोपावे. दुपारी तीनला झोपून रात्री दहाला उठणारा दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीत अर्धमेलाच असतो.

कॅज्युअल्टी, भूलशास्त्र किंवा अतिदक्षता विभागात सलग तीन-चार रात्री असतील तर दिवसाची झोप हीच मुख्य झोप धरावी. सकाळी सुटताना गॉगल लावून उन्हाचा मारा कमी करावा, नाश्ता करून झोपावे, खिडकीला जाड चादर लावावी आणि डोळ्यांवर पट्टी व कानांत फोमचे बोळे वापरावेत. वसतिगृहात एका खोलीत तीन वेगळ्या विभागांचे तिघे असतात, तेव्हा दारावर ‘रात्रपाळी’ अशी पाटी लावणे आणि मोबाइलवर फक्त घरचा व युनिटचा क्रमांक चालू ठेवणे एवढे करता येते. घरी जाण्यासाठी दुचाकी चालवणार असाल तर प्रश्न १२ आधी वाचावा.

७. पहिल्या वर्षाला कामे संपतच नाहीत. रात्री अकराला कळते की एक अहवाल आणायचाच राहिला. काय करावे?

कामाचा वेग वाढवून हा प्रश्न सुटत नाही, क्रम बदलून बराच सुटतो. ज्या कामात दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागते ते काम आधी करावे. रक्ताचे नमुने राउंडच्या आधी गेले तर दुपारपर्यंत अहवाल हाती येतात. राउंडनंतर गेले तर संध्याकाळी प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभे राहावे लागते. म्हणून आधी नमुने, मग सीटी-सोनोग्राफीच्या तारखा आणि इतर विभागांना कॉल, मग रक्तपेढी, आणि जे पूर्णपणे आपल्या हातात आहे ते, म्हणजे नोंदी आणि डिस्चार्ज कार्डे, शेवटी. उद्या घरी जाणाऱ्या रुग्णाचे कार्ड आज संध्याकाळीच लिहून ठेवावे.

यादी कागदावरच असावी. ए-फोर कागद उभा दुमडून डाव्या बाजूला खाट क्रमांक, नाव आणि निदान, उजव्या बाजूला प्रत्येक प्रलंबित कामापुढे एक रिकामा चौकोन. काम सांगितले की चौकोनात तिरकी रेघ आणि अहवाल डोळ्यांनी पाहिला की दुसरी रेघ मारून फुली पूर्ण करायची. ‘पाठवले’ आणि ‘पाहिले’ यांतला हा फरकच रात्री अकराचा घोटाळा वाचवतो. वॉर्ड सोडताना सहकाऱ्याला, सिस्टरांना आणि मामा-मावशींना (वॉर्डातील मदतनीसांना) “मी एक्स-रेकडे चाललो आहे, काही न्यायचे-आणायचे आहे का?” असे विचारावे, चार जणांच्या चार फेऱ्यांऐवजी एक फेरी होते. कागदावर रुग्णांची नावे असतात, तो इकडेतिकडे टाकू नये.

८. वेळेवर ओव्हर देऊन (रुग्णांची माहिती व उरलेली कामे पुढच्या डॉक्टरकडे सोपवून) निघालो तर “आम्ही छत्तीस-छत्तीस तास केले” असे वरिष्ठ म्हणतात. त्यांना काय सांगावे?

वाद घालू नये, पण गप्पही बसू नये. “सर, माझी इमर्जन्सी संपली आहे, मी काल सकाळपासून जागा आहे. सात नंबरच्या रुग्णाचा लघवीचा हिशेब आणि बारा नंबरचे हिमोग्लोबिन एवढेच बाकी आहे, ते मी लिहून दिले आहे,” असे नेमके बोलणाऱ्याला क्वचितच कोणी अडवते. अस्पष्ट तक्रारीपेक्षा स्पष्ट ओव्हर अधिक मानला जातो.

वरिष्ठांच्या म्हणण्यातही एक तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. बोस्टनमधील अतिदक्षता विभागांत झालेल्या अभ्यासात, दीर्घ पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात इंटर्नकडून ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्याचे २००४ मध्ये दिसले. परंतु २०२० मध्ये बालरोग अतिदक्षता विभागांत तशाच बदलाचा प्रयोग झाला तेव्हा चुका उलट वाढल्या, कारण पाळी छोटी झाली तरी प्रत्येक डॉक्टरमागे रुग्ण वाढले होते. म्हणजे मनुष्यबळ न वाढवता नुसते तास कापणे हा उपाय नाही, आणि ओव्हर नीट दिला पाहिजे: आजार किती गंभीर, थोडक्यात वृत्तांत, उरलेली कामे, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करायचे, व ऐकणाऱ्याने ते परत सांगणे. या पद्धतीने ओव्हर दिल्यावर नऊ रुग्णालयांत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

शिक्षा म्हणून मुद्दाम ड्युट्या लावणे, अपमान करणे, जेवू न देणे हे मात्र वेगळे आहे. ते रॅगिंग होय आणि त्यासाठी आयोगाची २०२१ ची नियमावली आहे. तारीखवार नोंद ठेवावी, मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीला सोबत घेऊन महाविद्यालयाच्या समितीकडे जावे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे.

९. मेस बंद झाल्यावर रात्री वडापाव किंवा बिर्याणी हाच पर्याय उरतो. काय खावे?

मध्यरात्रीनंतर पचन मंदावते आणि जड, तेलकट जेवणानंतर पहाटेची गुंगी वाढते, म्हणून मुख्य जेवण शक्यतो इमर्जन्सीला उतरण्याआधी किंवा दहाच्या आत करावे. पुढे दर तीन-चार तासांनी थोडेसे खाणे पुरते. ॲप्रनच्या खिशात फुटाणे-शेंगदाणे, ड्युटी रूममध्ये केळी, उकडलेली अंडी, राजगिऱ्याचे लाडू किंवा घरून आलेले मेथीचे ठेपले एवढे ठेवले तरी रात्र निभावते.

पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ड्युटी रूमजवळ कडी लागणारे, स्वच्छ स्वच्छतागृह नसल्यामुळे अनेक महिला डॉक्टर दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग डोकेदुखी, मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी त्रासतात. यावर आहाराचा सल्ला देणे अन्यायाचे आहे. हा सोयीसुविधांचा प्रश्न असून तो विभागातील सर्वांनी मिळून, पुरुष सहकाऱ्यांच्याही सह्या घेऊन, अधिष्ठात्यांकडे लेखी मांडला पाहिजे.

१०. नवरात्राचे नऊ दिवस किंवा रमजानचे रोजे ड्युटी करून पाळता येतात का?

बहुतेकांना येतात. नवरात्रात नुसत्या साबुदाण्यावर राहिल्यास भूक लवकर लागते. दाण्याचा कूट, वरीचे तांदूळ, राजगिरा, दही, ताक आणि फळे यांची जोड द्यावी. निर्जळी उपवास मात्र ओटीच्या दिवशी टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजे असणाऱ्यांनी सहरीत अंडी, डाळ, भाकरी असे हळूहळू पचणारे पदार्थ घ्यावेत, आणि युनिटमधील सहकाऱ्यांनी इफ्तारच्या वेळी त्यांना पंधरा मिनिटे मोकळी करून द्यावीत. दिवाळीत तेच आपल्या ड्युट्या सांभाळतात. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी प्रश्न १८ पाहावा.

११. या सगळ्यात अभ्यास आणि शोधप्रबंध कधी करायचा?

पहिल्या वर्षी पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याचा हट्ट सोडावा. त्या दिवशी दाखल झालेल्या एका रुग्णाचा आजार त्याच दिवशी वीस मिनिटे वाचावा आणि दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी न बघता आठवून पाहावा. आठवण्याच्या या प्रयत्नानेच विषय पक्का होतो. इमर्जन्सीनंतर पहिले चोवीस तास अभ्यास करू नये, कारण झोपेवाचून वाचलेले टिकत नाही. शोधप्रबंधाच्या बाबतीत रुग्ण मिळाला त्याच दिवशी त्याची माहिती तक्त्यात भरणे ही एकच सवय शेवटच्या वर्षाचे हाल वाचवते. संशोधनपद्धती, नीतिशास्त्र आणि जीवरक्षक कौशल्यांचे सक्तीचे अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी उरकावेत.

१२. रात्रभर जागून दुचाकीवर घरी जाणे खरोखरच इतके धोक्याचे आहे का?

होय. अमेरिकेतील इंटर्नच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चोवीस तास किंवा अधिक लांब पाळीनंतर वाहन अपघाताची शक्यता २.३ पट आढळली. प्रश्न ३ मधील मद्यांशाचे आकडे येथे तंतोतंत लागू होतात. लोकल, बस, रिक्षा यांपैकी काहीही निवडावे; ते शक्य नसेल तर ड्युटी रूममध्येच दीड तास झोपून, तोंड धुऊन, अर्ध्या तासाने निघावे. गाणी लावणे, वाऱ्यावर जाणे यांनी झोप जात नाही.

१३. सुट्टीत भरपूर झोपूनही थकवा जात नाही. हा ड्युटीचाच परिणाम असेल का?

दोन-तीन रात्री सलग पूर्ण झोपूनही फरक पडला नाही, तर स्वतःला रुग्ण समजून तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तशर्करा आणि ब-१२ हे किमान पाहावे. शाकाहारी भारतीयांत ब-१२ ची कमतरता किती व्यापक आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले आहे. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटणारे वजन असेल तर क्षयरोगाचा विचार पहिला करावा, कारण आपण रोज त्याच वॉर्डात श्वास घेतो. मित्राकडून जाता जाता गोळी लिहून घेऊ नये. रीतसर केसपेपर काढावा.

१४. जागे राहण्यासाठी मोडाफिनिल घ्यावे का?

नाही. रात्रपाळीच्या झोपविकारासाठी हे औषध तज्ज्ञ देतात, पण स्वतःच्या मनाने ते घेणे चूक आहे. त्याने डोळे उघडे राहतात, तरी झोपेअभावी खालावलेला निर्णय पूर्ववत होत नाही. क्वचित गंभीर त्वचाविकार होतो, संततिनियमनाच्या हॉर्मोनयुक्त गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि गर्भाला धोका संभवतो. झोपेसाठी झोल्पिडेम किंवा अल्प्राझोलाम घेणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे.

१५. हल्ली रुग्णांचा राग येतो, रडू येते, हे सगळे सोडून द्यावेसे वाटते. हा थकवा आहे की नैराश्य?

सुट्टीत, आवडत्या माणसांत मन पुन्हा उभारी घेत असेल तर तो बहुधा कामाचा शीण असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोपायला मिळूनही झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर ते नैराश्य मानून त्याच दिवशी मदत घ्यावी. प्रश्न २ मधील कृती दलाच्या २०२४ च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले होते, तेव्हा आपण एकटे नाही आणि कमकुवतही नाही. आपल्याच महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर बाहेरचे तज्ज्ञ गाठावेत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. सहकाऱ्याबद्दल काळजी वाटत असेल तर त्याला थेट विचारावे आणि त्या रात्री एकटे सोडू नये.

१६. मुलगी फोन उचलत नाही, उचलला तर चिडते. आम्ही आईवडिलांनी काय करावे?

तिच्या युनिटची इमर्जन्सी कोणत्या वारी असते ते विचारून ठेवावे आणि त्या व दुसऱ्या दिवशी फोन न करता “जेवलीस का, सवडीने बोल” एवढा संदेश पाठवावा. लग्नाचे विषय, नातेवाइकांचे अहवाल दाखवून सल्ला विचारणे हे तिच्या सुट्टीच्या दिवशीही काही काळ बाजूला ठेवावे. प्रश्न १५ मधील लक्षणे जाणवली तर मात्र फोनवर अवलंबून न राहता भेटायला जावे.

१७. मी प्राथमिक आरोग्य केंद्रावर बाँडवर आहे. येथे पाळ्याच नाहीत. रात्री प्रसूती असते आणि सकाळी ओपीडी. वरचे सल्ले मला कसे लागू होतील?

आपली अडचण सलग जागरणाची नसून तुटक झोपेची आहे. दुसरे वैद्यकीय अधिकारी असतील तर ‘दोघेही सदैव उपलब्ध’ ही पद्धत मोडून रात्री वाटून घ्याव्यात आणि तो तक्ता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवावा. प्रसूतीच्या वेळी प्रगती-आलेख नीट भरला आणि कोणत्या टप्प्यावर उठवायचे हे सिस्टरांशी आधीच ठरले, तर निष्कारण जागरणे कमी होतात. गुंतागुंत दिसताच १०८ बोलवायला उशीर करू नये. दुपारी ओपीडी संपल्यावरची अर्ध्या तासाची झोप येथे शहरातील सहकाऱ्यांपेक्षा सहज मिळते, ती रोज घ्यावी.

१८. मला फिट्सचा त्रास आहे, माझ्या मैत्रिणीला टाइप-१ मधुमेह आहे आणि एक सहकारी गरोदर आहे. आम्हीही सारख्याच रात्री करायच्या का?

नाही. जागरणाने फिट येऊ शकते, आणि द्विध्रुवीय विकार असलेल्यांत उन्मादाचा झटका उद्भवू शकतो, त्यामुळे अशा डॉक्टरांनी उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचे लेखी मत घेऊन रात्रपाळीतून सूट किंवा बदललेली पाळी मागावी. कारण सर्वांना सांगण्याची गरज नाही. विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांना ठाऊक असणे पुरेसे आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पाळी बदलताना मात्रेचे वेळापत्रक आधी ठरवून घ्यावे, खिशात ग्लुकोज ठेवावे आणि लांब शस्त्रक्रियेला उभे राहण्यापूर्वी साखर तपासावी; शर्करा उतरत असल्याचे जाणवताच टेबलावरून बाजूला होण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि हे युनिटला आधीच सांगून ठेवावे. गरोदर सहकाऱ्यांना शासनाच्या नियमांप्रमाणे प्रसूती रजा मिळते व तितका प्रशिक्षणाचा काळ पुढे भरून काढावा लागतो. रजेपूर्वीच्या महिन्यांत रात्रपाळ्या, क्ष-किरणांचा संपर्क आणि क्षयरोग वॉर्डातील नेमणूक याबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांचे लेखी मत जोडून अर्ज करावा, आणि तो पहिल्या तिमाहीतच करावा, कारण पुढील ड्युटी तक्ते एकदा लागले की ते बदलण्याचा भार सहकाऱ्यांवर पडतो आणि अर्ज करणारीला नाहक अवघडल्यासारखे होते.